मशीनचे कॅलिब्रेशन कामाच्या खर्चाने, माणसाचे त्याच्या पगारातून?

प्रति,
नाशिक जिल्ह्यात रस्त्यांची कामे काढणारे अधिकारी, ती तपासणाऱ्या सल्लागार कंपन्या आणि ती करणारे ठेकेदार

विषय: मटेरियल टेस्टिंग करणाऱ्या टेक्निशियनच्या प्रमाणपत्रांचे नूतनीकरण

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रत्येक बिलाला टेस्ट रिपोर्टांचा गठ्ठा जोडलेला असतो. थराची घनता, खडीचा इम्पॅक्ट (ठोक्याने ती किती फुटते), डांबराचे पेनिट्रेशन (त्यात सुई किती रुतते), काँक्रीटच्या क्यूबची म्हणजे ठोकळ्याची ताकद. खाली सह्या असतात त्या ज्युनिअर इंजिनिअरच्या, सल्लागाराच्या माणसाच्या, कधी त्याहून वरच्या साहेबांच्या. आकडा ज्याने काढला त्याचे नाव मात्र बहुधा कुठेच नसते. ते काम आम्ही लॅब टेक्निशियन करतो. डिप्लोमा झाल्यावर मी एका महामार्गाच्या साइट लॅबमध्ये लागले, तेव्हापासून हेच करते आहे. राहते सातपूरला. काम कधी सिन्नरकडे, कधी दिंडोरीकडे, सध्या त्र्यंबकच्या बाजूला.

हे पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण एक परिपत्रक. मध्यंतरी एका कार्यालयाने आपल्या ठेकेदारांना कळवले की कामावरच्या प्रत्येक लॅब टेक्निशियनकडे गेल्या दोन वर्षांत मिळालेले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. नसेल तर महिन्याभरात मिळवावे, तोवर न मिळाल्यास टेक्निशियन बदलावा. खर्चाचे संबंधितांनी पाहावे. बस, एवढेच. ठेकेदारांनी तो कागद आमच्या हातात दिला आणि विषय त्यांच्यापुरता मिटला.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, नूतनीकरणाला माझा विरोध नाही. टेक्निशियनची परीक्षा एकदा झाली की जन्मभर पुरते असे मी मानत नाही. हातात बसलेली पद्धत हळूहळू सरकत जाते आणि करणाऱ्याला ते कळत नाही. ते किती महागात पडते हे तुमच्यापैकी ज्यांनी बऱ्याच वर्षांत स्वतः सिलिंडर हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते.

सँड रिप्लेसमेंटने एफडीडी, म्हणजे जागेवरच्या थराची कोरडी घनता, काढतो तेव्हा दाबलेल्या थरात खड्डा घेतो, निघालेली माती तोलतो आणि सिलिंडरमधून वाळू सोडून खड्ड्याचे आकारमान काढतो. सगळा हिशेब त्या वाळूच्या घनतेवर उभा असतो. समजा वहीत ती १.४५ लिहिलेली आहे, कधीतरी उन्हाळ्यात काढलेली. जून तोंडावर आला की किंवा सप्टेंबरात उघडीप मिळाली की मातीकाम उरकायची घाई सुरू होते आणि नेमकी तेव्हाच हवा दमट असते. वाळू ओल धरते, सैल बसते, प्रत्यक्षात १.४२ भरते. टेक्निशियन जुनाच आकडा धरतो. मग खड्डा खऱ्यापेक्षा दोन टक्क्यांनी लहान दिसतो, घनता तेवढीच वर चढते आणि लॅबमधल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के दाबलेला सबग्रेड (रस्त्याच्या थरांखालचा मातीचा वरचा थर) कागदावर ९७ टक्के होतो. केंद्रीय मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये भरावाला ९५ चालतात, सबग्रेडला ९७ लागतात. म्हणजे जो थर पुन्हा दाबायला हवा होता तो पास झाला. यात कोणी खोटे लिहिलेले नाही, कोणी पैसे घेतलेले नाहीत. ती वाळू पुन्हा कॅलिब्रेट करायची, म्हणजे तिची घनता नव्याने काढायची, हे कोणी आठवण करून दिलेले नव्हते, इतकेच.

ठेकेदार मंडळींनी दुसरी बाजूही ऐकावी. शेजारी व्हायब्रो रोलर चालू असताना तीच टेस्ट केली तर कंपनाने वाळू खड्ड्यात जास्त उतरते, खड्डा मोठा दिसतो आणि चांगला दाबलेला थर फेल होतो. तो उकरून पुन्हा दाबायचे डिझेल तुमचे. कच्च्या हाताचा फटका एकाच बाजूला बसतो असे समजू नका.

दुसरे कारण म्हणजे मानके बदलतात. डांबराची वर्गवारी पेनिट्रेशनवरून व्हिस्कॉसिटीवर (घट्टपणावर) आली ती आयएस ७३ या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत. आजही प्लांटवर जुन्या वर्गवारीतले नाव घेऊन ‘साठ-सत्तर आले का’ असे विचारणारे भेटतात. बोलण्यात चालून जाते, पण टेस्ट त्या हिशेबाने करून चालत नाही. खडी-वाळूचे आयएस ३८३ सन २०१६ मध्ये बदलले, त्यात नैसर्गिक स्रोतांखेरीजच्या खडी-वाळूलाही जागा मिळाली. आपल्याकडे आता बहुतेक काँक्रीट क्रश सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे असते. मिक्स डिझाइनचे आयएस १०२६२ सन २०१९ मध्ये, फ्लेक्सिबल पेव्हमेंटचे, म्हणजे डांबरी रस्त्याच्या रचनेचे, आयआरसी ३७ सन २०१८ मध्ये, क्यूब टेस्टचे आयएस ५१६ तर भाग पाडून नव्याने आले. २०१० साली शिकलेला टेक्निशियन या सगळ्यातून आपोआप पार पडला असेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. भारतीय मानक ब्यूरोची मानके आता संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, ही चांगली गोष्ट. इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तके मात्र विकत घ्यावी लागतात, आणि साइट लॅबच्या कपाटात ती क्वचितच दिसतात.

तेव्हा नूतनीकरण हवेच. तक्रार आहे ती तुम्ही ते ज्या तऱ्हेने करायला निघालात त्याबद्दल.

पहिली तक्रार अशी की परिपत्रकात प्रमाणपत्र आहे, परीक्षा नाही. कोणत्या संस्थेचे, कोणत्या चाचण्यांचे, करून दाखवायचे की नुसते ऐकायचे, काहीच लिहिलेले नाही. त्यामुळे जे व्हायचे तेच झाले. हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचे कोर्स सुरू झाले. सकाळी नोंदणी, पडद्यावर स्लाइड, दुपारी जेवण, संध्याकाळी ग्रुप फोटो आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र. दिवसभरात एकाही माणसाच्या हातात मोल्ड (नमुना भरायचा साचा) दिला जात नाही. त्याहूनही सोपा रस्ता म्हणजे मोबाइलवर नाव आणि फोटो पाठवायचा, पैसे पाठवायचे, आणि पीडीएफ येते. ते प्रमाणपत्र तुमच्या फायलीत लागते आणि अट पूर्ण होते.

दुसरीकडे हे कसे करतात ते सांगते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचे साइटवरच्या टेक्निशियनसाठी पहिल्या श्रेणीचे प्रमाणपत्र आहे. त्यात सात गोष्टी येतात, ताज्या काँक्रीटचा नमुना घेणे, तापमान, स्लम्प (काँक्रीट किती ढासळते ते), घनता, हवेचे प्रमाण दोन पद्धतींनी, आणि नमुने भरून त्यांचे क्युअरिंग. लेखी परीक्षा होतेच, पण परीक्षकासमोर पुस्तक मिटून प्रत्येक टेस्ट पायरीपायरीने करून दाखवावी लागते. पायरी चुकली की एकदाच पुन्हा संधी, तेव्हाही चुकली की नापास. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, पुढे चालू ठेवायचे तर पुन्हा परीक्षा. आपण त्यांची नक्कल करावी असे नाही. त्यांचे काँक्रीटचे नमुने सिलिंडरचे, आपले क्यूबचे. त्यांची हवा वेगळी, आपली वेगळी. पण माणूस समोर उभा करून त्याचा हात बघायचा, हे तत्त्व कुठल्याही देशात लागू पडते.

आपल्याकडे कोणी म्हणेल, आमच्या लॅबला एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांचे राष्ट्रीय मानांकन, आहे. चांगले आहे. आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीत माणसांच्या कुवतीवर स्वतंत्र कलमच आहे. प्रशिक्षण, देखरेख, कोणाला कोणती टेस्ट करायची परवानगी आहे आणि त्याच्या कामावर पुढे लक्ष कसे ठेवायचे, हे सगळे लॅबने लिहून ठेवायचे असते. परंतु मानांकन मिळते ते लॅबला, माणसाला नाही. आणि ते ज्या लॅबला असते ती अंबडच्या नाहीतर सातपूरच्या गाळ्यात असते. रोजचे थर पास-नापास होतात ते साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तिथे बहुधा ते मानांकन पोहोचतच नाही. मे महिन्यात त्या शेडमध्ये पेनिट्रेशनचा नमुना २५ अंशांवर आणायचा तर पाण्याची टाकी नीट चालायला हवी. क्यूब पहिले २४ तास २७ अंशांच्या आसपास ठेवायचे असतात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा उघड्यावर राहिलेल्या क्यूबचे काय होते ते कोणालाही विचारा. अशा जागी काम करणाऱ्या माणसाला एसी हॉलमध्ये स्लाइड दाखवून तुम्ही काय तपासले?

दुसरी तक्रार पैशाची आहे, आणि मी ती आडपडदा न ठेवता मांडणार आहे. लॅबमधल्या कॉम्प्रेशन मशीनवर एक स्टिकर असतो. कॅलिब्रेशन कधी झाले, पुढचे कधी. तराजूवर असतो, ओव्हनवर असतो, लोड मोजायच्या प्रूव्हिंग रिंगवर असतो. कॅलिब्रेशनवाला येतो, त्याचे बिल कामाच्या खर्चात जाते आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर करत नाही, कारण तारीख उलटलेल्या मशीनचा रिपोर्ट तुम्हीच नाकारता. मग त्या मशीनवर लोड देणाऱ्या हाताचे कॅलिब्रेशन त्याने स्वतःच्या पगारातून का करायचे? १५० मिलिमीटरच्या क्यूबला सेकंदाला साधारण ५.२ किलोन्यूटनच्या वेगाने लोड द्यायचा असतो. घाईत व्हॉल्व्ह जास्त उघडला की क्यूब आहे त्यापेक्षा मजबूत ठरतो. मशीन अचूक, तिचा स्टिकर ताजा, आणि आकडा चुकीचा.

इंजिनिअर प्रशिक्षणाला जातात तेव्हा त्यांची ती ड्युटी धरली जाते, प्रवासभत्ता मिळतो. त्याचे मला वाईट वाटत नाही, तसेच असायला हवे. आमच्यातले बरेचसे रोजंदारीवर किंवा मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत. कोर्सची फी भरायची, पुण्या-मुंबईला जायचे भाडे, आणि त्या दिवसांचा पगार कापला जाणार. नव्या पोराच्या महिन्याच्या कमाईतला मोठा घास त्यात जातो. माझ्यासारखीला मुक्कामाचा कोर्स म्हणजे घरी लहान मुलाची सोय लावणे आलेच. ते माझे मी बघेन, पण निदान कोर्स नाशकात असावा की नाही?

तिसरी तक्रार, या अटीने जाते कोण आणि येते कोण. आमच्याबरोबर एक काका होते. दहावीपर्यंत शिकलेले, हेल्पर म्हणून लागलेले, पुढे मातीच्या टेस्ट त्यांच्याइतक्या नेटक्या करणारा मी पाहिला नाही. मुरूम मुठीत दाबून ओलावा किती ते सांगायचे आणि तरीही नमुना ओव्हनला लावल्याशिवाय वहीत लिहायचे नाहीत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, इंग्रजी फॉर्म आणि इंग्रजी पेपर बघून त्यांनी नाद सोडला. त्यांच्या जागी आला तो ताजे प्रमाणपत्र घेतलेला मुलगा. मुलगा हुशार आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्याला कोणी सांगितलेच नव्हते की डंपरमधल्या गरम डांबरी मालाचे तापमान लेझर गनने घेतले तर वरच्या निवलेल्या पापुद्र्याचे मिळते, मालाचे नाही. थर्मामीटर आत खुपसावा लागतो. व्हीजी-३० या डांबराचा माल अंथरताना १४० अंशांच्या खाली गेलेला चालत नाही. वरून ११५ दिसले म्हणून त्याने गाडी परत पाठवायला सांगितली. आत माल उत्तम होता. दुसऱ्या दिवशी उलटे, ढीग नुकताच उलथलेला, गन चांगला आकडा दाखवत होती आणि कडेचा माल गारठलेला. दोन्ही वेळा ठेकेदार आणि सल्लागाराचा माणूस भररस्त्यात भांडत उभे.

अनुभवाला मान्यता देऊन प्रमाणित करण्याची सोय सरकारच्याच कौशल्य योजनेत आहे, आरपीएल म्हणतात तिला. बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने लॅब आणि साइट टेक्निशियनसाठी पात्रताही आखलेली आहे. काकांसारख्यांना त्या वाटेने आणता आले असते. परिपत्रक काढणाऱ्याने तेवढी चौकशी केली नाही.

चौथी गोष्ट छोटी आहे, पण खुपते. प्रमाणपत्राची मूळ प्रत ठेकेदाराच्या ऑफिसात जमा करून घेतात. काम सोडले की ती मागत फिरायचे. पैसे आमचे, नाव आमचे, कागद त्यांच्या कपाटात.

आता पाचवी, आणि मला विचाराल तर खरी. तुमच्या रस्त्यांचे रिपोर्ट चुकतात ते सगळे टेक्निशियनला येत नाही म्हणून नव्हे. पुष्कळदा त्याला येते, पण त्याला करू दिले जात नाही. सीबीआरचा, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद काढायच्या टेस्टचा, मोल्ड चार दिवस पाण्यात ठेवायचा असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, ‘रिपोर्ट टाकून द्या, थर झाकायचाय.’ अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचा निकाल बिल लावायच्या तारखेला हवा असतो, मग क्यूब वीसच दिवसांचा का असेना. याला आमच्याकडे ‘रिपोर्ट बसवणे’ म्हणतात आणि हा शब्द माहीत नाही असा तुमच्यापैकी एकही नसेल. जो बसवत नाही त्याची चार दिवसांत दुसऱ्या साइटवर रवानगी होते, किंवा एजन्सीला सांगून माणूसच बदलला जातो. त्याच्याकडे अमेरिकेचे प्रमाणपत्र असले तरी फरक पडत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे हे तुमचे परिपत्रक आहे.

तपासायचेच असेल तर एक सोपी खूण सांगते. तीन क्यूबचा एक नमुना असतो. खऱ्या क्यूबमध्ये फरक पडतोच, म्हणून तर काँक्रीटच्या आयएस ४५६ मध्ये सरासरीच्या १५ टक्के इकडेतिकडे चालते असे म्हटले आहे. ज्या फायलीत महिनोन्‌महिने तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून येतात, त्या फायलीतले क्यूब फुटले होते का, हे आधी विचारा. टेक्निशियनचे प्रमाणपत्र नंतर मागा.

हे सगळे आत्ताच का लिहिते आहे, हेही स्पष्ट करते. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. शहराभोवती आणि त्र्यंबकेश्वरच्या दिशेने इतकी कामे एकदम निघालेली मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाहीत. रात्रपाळीला डांबर पडते, एका टेक्निशियनकडे दोन-दोन साइट. अशा वेळी माहीतगार हात काढून टाकायचे आणि कागदवाले भरायचे, हा हिशेब मला तरी कळत नाही. काळ्या मातीवर नीट न दाबलेला रस्ता पहिल्या पावसाळ्यात बोलत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात भेगा दाखवतो. तोवर पर्वणी उरकलेली असेल, ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायचा (दोषदायित्वाचा) कालावधी कोर्टकचेरीत अडकलेला असेल आणि रिपोर्ट सगळे पास असतील.

बरे, हे नीट करायला काही परदेशातून आणावे लागणार नाही. दिंडोरी रोडवर मेरी आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून. साहित्य चाचणीचे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी मेटा नाशकातच आहे. सामनगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, सातपूरला आयटीआय आहे. नोकरी करत करत शिकणाऱ्यांसाठी जे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले तेही नाशकातच, गंगापूर धरणाच्या वाटेवर. जागा आहे, मशीन आहेत, शिकवणारे आहेत. टेक्निशियनला त्या दारातून आत घ्यायचे कोणाच्या मनात आलेले नाही, एवढेच कमी आहे.

माझ्या मागण्या अशा.

एक, परिपत्रकातली ‘महिन्याभरात नाहीतर बदला’ ही अट स्थगित करा. आज कामावर असलेल्या प्रत्येक टेक्निशियनला प्रात्यक्षिक परीक्षेची एक संधी मिळेपर्यंत कोणालाही कागदाअभावी काढू नका.

दोन, परीक्षा हाताची घ्या. माती, खडी, डांबर, काँक्रीट असे चार गट करा. जो ज्या टेस्ट करतो त्याने त्या गटातल्या चार-पाच टेस्ट परीक्षकासमोर कराव्यात. एफडीडीला वाळू कॅलिब्रेट करण्यापासून सुरुवात, क्यूबला मोल्डला तेल लावण्यापासून. लेखी भाग मराठीतही असावा आणि ज्याला लिहिणे जड जाते त्याची तोंडी घ्यावी. मानकांचे नंबर इंग्रजीत पाठ असणे म्हणजे टेस्टिंग येणे नव्हे. मुदत तीन वर्षे ठेवा. दोन वर्षे फार घाईची, पाच फार सैल. मधल्या काळात एखादे मानक बदलले तर नवे काय आणि जुने काय याचे मराठीतले एक पान प्रत्येक साइट लॅबला पाठवा.

तीन, खर्च निविदेत धरा. साइट लॅब उभारण्याचे, उपकरणांचे, कॅलिब्रेशनचे जसे धरता तसेच टेक्निशियनच्या नूतनीकरणाचेही धरा, फी आणि त्या दिवसाचा पगार दोन्ही. एकूण कामाच्या रकमेपुढे तो आकडा किती किरकोळ असेल ते अंदाजपत्रक करणाऱ्यांना मी सांगायला नको.

चार, प्रमाणपत्र माणसाच्या नावावर आणि माणसाच्या ताब्यात. जिल्ह्यासाठी एक उघडी नोंदवही ठेवा, नाव, कोणत्या टेस्टसाठी पात्र, मुदत कधीपर्यंत. प्रत्येक टेस्ट शीटवर टेक्निशियनचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापा. याचा अर्थ आम्हीही जबाबदारीत येतो, हे मला कळते. ज्याने आकडा बनवला हे सिद्ध होईल त्याचे प्रमाणपत्र खुशाल निलंबित करा. अट एकच, तो आकडा बनवायला सांगणाऱ्याचे नाव त्याच चौकशीत घ्या.

पाच, फेल रिपोर्ट दिल्यानंतर त्या टेक्निशियनला कामावरून हलवायचे असेल तर कारण लेखी द्यावे लागेल आणि ते गुणनियंत्रणाच्या अधिकाऱ्याकडे जाईल, असा नियम करा. ही मागणी मान्य झाली आणि बाकीच्या चारही राहिल्या तरी रस्त्यांचे अर्धे काम होईल असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सहावी मागणी नाही, सूचना म्हणा. वर्षातून दोनदा एकाच ढिगातला मुरूम समान वाटून जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबना द्या, सरकारी, खासगी, साइटवरच्या. सगळ्यांनी प्रॉक्टर (मातीची कमाल घनता काढायची टेस्ट) करून एका ठरलेल्या दिवशी बंद पाकिटात आकडे आणावेत आणि सर्वांसमोर उघडावेत. खर्च पोत्यांचा आणि रिक्षा-टेम्पोचा. कोणाचा हात कुठे सरकला आहे ते दुपारच्या चहाच्या आत कळेल आणि कोणाच्याही प्रमाणपत्रावर सोनेरी किनार लागणार नाही.

या पत्राचे उत्तर मला खासगीत नको. परिपत्रक ज्यांनी काढले त्यांनी दुरुस्तीचे परिपत्रक काढावे आणि त्यात पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख आणि जागा लिहावी. रविवार असला तरी आम्ही येऊ, सिलिंडर आणि वाळू आमची आम्ही घेऊन येऊ. त्या दिवशी परीक्षक म्हणून जे साहेब येतील त्यांनीही एक एफडीडी आमच्यासमोर करून दाखवली तर आम्हा सगळ्यांना आवडेल.

आपली,
एक मटेरियल टेस्टिंग टेक्निशियन
सातपूर, नाशिक